मासोळी धुतलेलं पाणी

सुकवाराला वळण नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. दुसऱ्याच्या घरी गेलं की चपला बाहेर काढाव्या, उंबऱ्याशी थांबावं, "आजी, येऊ का?" म्हणावं, आणि दिलं तरच घ्यावं. ही पोट्टी सरळ चुलीपाशी. गंजावरचं झाकण काढून पाहणार, आत उकडलेले सिंगाडे दिसले की मूठभर ओढणीत. विचारणं नाही, पुसणं नाही. दोन महिन्यांत माझ्या लोणच्याच्या सात काचेच्या बरण्या गेल्या. अंगणातल्या भोपळ्याच्या वेलाला मी मासोळी धुतलेलं पाणी घालते. त्या पाण्यानं भोपळा मांडीएवढा होतो. ते पाणी संध्याकाळी बादलीत साठवावं तर सकाळी बादली कोरडी. वेल पिवळा पडला. कोण नेतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

माझी सून निर्मला म्हणे, "जाऊ द्या ना सासूबाई. मासोळीचं पाणीच तं हाये."

ज्याचा वेल सुकतो त्याला विचारा.

मी गोंदाबाई मारबते. भंडारा जिल्ह्यातलं सोनटेकडी आमचं गाव. पुढं तळं, मागं टेकडी. आम्ही धिवर, तळ्यातली मासोळी आणि सिंगाडा यांवर आमच्या सात पिढ्या जगल्या. टेकडीत मँगनीजची जुनी खाण आहे. खाणीत खपायला छत्तीसगडची माणसं आणली होती. खाण बंद पडली, साहेब गेले, त्यांतली अकरा माणसं खाणीच्या चाळीत तशीच राहिली. सुकवारा त्यांतल्या मंगलूची पोरगी. माझ्या नातीची मैत्रीण, दोघी पंधरा वर्षांच्या, एका बाकावरच्या. नातीचं नाव आर्वी. बारशाला मी म्हटलं होतं, आर्वी हे वर्ध्याकडचं गाव आहे, तिथं माझी नणंद दिली आहे, गावाचं नाव कोणी पोरीला ठेवतं का? माझं कोणी ऐकलं नाही.

त्या वर्षी दोन देशांनी एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून धरले होते. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ महिने. आमच्या गावावर कोणी बॉम्ब टाकणार नव्हतं, एवढं आमचं मोल नाही. पण नागपूर जवळ. जिल्ह्याहून पटले मॅडम आल्या आणि त्यांनी शाळेच्या फळ्यावर समजावून सांगितलं. बॉम्बनं माती वर उडते, तिच्यात विष भिनतं, आणि ती धूळ वाऱ्यानं शंभर कोसांवर जाऊन पडते. ती अंगाला लागली की माणूस आतून सडतो. पण या विषाला एक खोड आहे. ते फार लवकर थकतं. सात तासांनी त्याचा दहावा हिस्सा उरतो. सातपट वेळ, म्हणजे एकोणपन्नास तास गेले की शंभरावा. दोन आठवड्यांनी हजारावा. तेव्हा पहिले दोन दिवस जो जमिनीखाली दार लावून बसला, तो बहुतेक वाचला.

मी तिसरीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळलं. पुढचंही कळलं असतं, पण त्या प्रशिक्षणाला मी गेले नाही. चाळीस वर्षं मासेमार बायांची सोसायटी चालवलेल्या बाईनं बाकावर बसून शिकायचं? मी आर्वीला पाठवलं. तिथंच माझं चुकलं.

खाणीच्या जुन्या बोगद्यांची सहा भुयारं केली. आमच्या पुऱ्याला, म्हणजे धिवरांच्या वस्तीला, एक मिळालं आणि त्याची किल्ली आणि यादी माझ्याकडे आली. बंद भुयारात हवा कशी टिकवायची, हा मोठा प्रश्न होता. बाहेरची हवा ओढली तर धूळ आत येते. आणि माणूस काही प्राणवायू संपून आधी मरत नाही, तो आपणच सोडलेल्या खराब हवेनं मरतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग उठत नाही. त्यावर कोणा संशोधकानं एक शेवाळ तयार केलं होतं. साधं शेवाळ एका माणसाची खराब हवा खायला घराएवढं तळं मागतं. हे नवं शेवाळ इतकं खादाड की पुरुषभर उंचीच्या एका टाकीत तीन माणसांचं भागतं. टाकीवर बॅटरीचा दिवा लावायचा. शेवाळ खराब हवा खातं, चांगली हवा सोडतं. भुयारात अशा दहा काचेच्या टाक्या. दहा त्रिक तीस. यादीत तीस नावं, रेशनकार्डावरून. चाळीतल्या लोकांची कार्डं छत्तीसगडची, त्यांच्यासाठी भुयार तिकडं, शंभर कोसांवर.

टाक्यांची देखभाल शाळेच्या पोरांकडे दिली होती. आमच्या भुयारात आर्वी. तिच्या मागं शेपटासारखी सुकवारा.

पोरांची त्या वर्षी निराळीच तऱ्हा होती. काहींनी अभ्यास सोडला. दहावी येईपर्यंत शाळा राहील की नाही, मग गणितं कोणासाठी करायची? या दोघींना मात्र मोठं व्हायची घाई सुटली होती. एके दिवशी मी जाळं विणत बसले होते, सुकवारा आर्वीसोबत पुढ्यात येऊन बसली.

"आजी, मोठं व्हायले वेळ भेटन का नाई कोणाले ठाऊक. तुले जे येते ते मले आत्ताच शिकव."

"काय शिकू पाह्यते?"

"आधी सासू कशी असते ते सांग."

आतून निर्मला बोलली, "ते शिकवा लागत नाई व माय. दोन दिवस इथं बस अन् पाह्य."

हसल्या तिघी. मी हसले नाही, पण शिकवलं. जाळ्याची गाठ शिकवली. मासोळीचा गलफडा उचलून ताजी-शिळी ओळखायला शिकवली. तुमसरच्या बाजारात दोघींना घेऊन गेले आणि भाव करायला शिकवलं. "टोपली डोक्शावर हाये तवरीक भाव सांगाचा. गिऱ्हाईक कबूल झालं का मंगच खाली ठेवाची. आधी ठेवली का त्याले कळते, इचं डोक्सं दुखते, हे देऊन टाकन." आर्वीनं लाजून टोपली लगेच खाली ठेवली. सुकवारा अर्धा तास टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली, मान वाकडी झाली, पण तिनं भाव सोडला नाही. मनात म्हटलं, ही विकून खाईल कोणालाही.

दिवाळी झाल्यावर आर्वी माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, सुकवाराचं नाव यादीत टाक."

"तीस म्हंजे तीस. टाक्या दहाच हायेत."

"माझं काढ अन् तिचं टाक."

"अन् तिच्या मायचं? बापाचं? लहान भावाचं? अकरा जण हायेत ते. सांग, कोणाकोणाले काढू?"

"मंग मी बाहेर राहीन. तिच्यासंगं."

उद्या शाळेला सुट्टी आहे म्हणावं तशी ती हे बोलली. मी तिच्या थोबाडीत दिली. ती रडली नाही, उठून दिवा लावायला गेली. तेव्हा मला कळलं, ही पोरगी खरंच बाहेर राहील. माझ्या हाडामांसाची जिद्द मला ओळखू येते. त्या दिवसापासून धोक्याच्या भोंग्याची भीती मला बॉम्बसाठी वाटत नव्हती. भोंगा वाजेल, माझी नात भुयाराच्या दाराशी उभी राहील आणि आत येणार नाही, याची वाटत होती.

मग ते झालं, जे माझ्याच हातून व्हायचं होतं.

शुक्रवारी पटले मॅडम तपासणीला यायच्या होत्या. आर्वी सराव परीक्षेसाठी दोन दिवस तालुक्याला गेलेली. मी किल्ली घेऊन भुयार पाहायला गेले. पाहते तर दहाही टाक्यांच्या आतून बोटभर हिरवा थर, पाणी कढीसारखं दाट. आता धिवराच्या बाईला तुम्ही शेवाळ दाखवा. तळ्यात शेवाळ माजलं की पहाटे मासोळी तोंड वर काढून तडफडते, सिंगाड्याचा वेल गुदमरतो. जन्मभर मी कंबरभर पाण्यात उभी राहून शेवाळ उपसलं. आमच्यात पोरगी पाहायला गेले तरी सासरचे आधी माठाच्या आत हात फिरवून पाहतात, बुळबुळ लागली तर उठून येतात. टाकीत शेवाळ असतं हे ठाऊक होतं मला. पण मला वाटलं, थोडं हिरवं पाणी म्हणजे शेवाळ, आणि हा थर म्हणजे पोरींचा आळस. मॅडम काय म्हणतील, गोंदाबाईच्या भुयारात ही घाण?

चार बाया घेतल्या. पाणी सोडून दिलं. राख आणि नारळाच्या शेंडीनं दहा टाक्या घासल्या, विहिरीत टाकतो ती ब्लिचिंग पावडर टाकून धुतल्या, तळ्याचं निवळ पाणी भरलं. टाक्या आरशासारख्या झाल्या. मी त्यात पाहून पदर सरळ केला.

आर्वी परत आली, आत गेली. मी गेले तर ती एका टाकीला कपाळ टेकून उभी.

"आजी, हे कोणी केलं?"

"मी केलं. तुम्ही करून नाई राहिल्या म्हणून केलं."

"ते शेवाळच आपला श्वास होता." एवढंच बोलली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मंग शेवाळाचं नवं बी मागवू."

"मॅडमकडून बी आणलं तरी दाट व्हायले तीन आठवडे लागतात. मॅडमले आत्ता फोन कर."

"करतो. उद्या."

उद्याचा परवा झाला. तपासणी पुढं ढकलली गेल्याचा निरोप आला आणि मला तेवढंच बरं वाटलं. मी फोन केला नाही. मागच्या तपासणीत सगळ्या जिल्ह्यात आमचं भुयार पहिलं आलं होतं, आता मी कोणत्या तोंडानं सांगू की मी ते घासून मारलं? आर्वीनं तीन वेळा टाक्या धुतल्या, पावडरचा वास जाईपर्यंत पाणी बदललं. माझ्याशी ती बोलत नव्हती.

सोमवारी सकाळी नऊला भोंगा वाजला. मी सिंगाडे उकडत होते. पहिला भोंगा म्हणजे तयारी करा, दुसरा म्हणजे दार लावा. मध्ये सहा तास. दुसऱ्या भोंग्यानंतर दाराचं कुलूप जिल्ह्याच्या हातात जायचं, एकोणपन्नास तास आतून उघडत नसे. कोणी घाबरून दार उघडलं तर धूळ आत यायची, म्हणून तसं केलेलं. चांगलंच केलेलं. पण मेलेल्या टाक्यांच्या भुयारात ते दार लागलं असतं, तर नागपुरावर बॉम्ब पडो न पडो, आम्ही तीस जण माझ्या राखेनं मेलो असतो.

भुयाराच्या तोंडाशी पुरा जमला. गाठोडी, पोरं, एक शेळीसुद्धा. मी दारात आडवी उभी राहिले. नवरा गेला तेव्हा जेवढं जड गेलं नव्हतं, तेवढं जड ते बोलणं गेलं.

"कोणी आत जाऊ नका. टाक्या मेल्या हायेत. मी घासल्या. मले समजलं नाई अन् मी कोणाले इचारलं नाई."

 शेळी तेवढी ओरडली. माझा मुलगा हिरामण खाली बसला. निर्मलेनं मला मोडीत काढायची संधी सोळा वर्षं शोधली होती, पण ती पुढं आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिचं ते उभं राहणं मी विसरणार नाही.

आणि टेकडीच्या वाटेनं सुकवारा आली. डोक्यावर घागर, मागं आर्वी, तिच्या डोक्यावरही घागर. दोघी माझ्यासमोर येऊन थांबल्या. सुकवाराच्या घागरीतून एक ओघळ तिच्या गालावर आला होता, हिरवागार, जाड.

"आजी, चाळीत खाणीचे दोन सिमटाचे हौद हायेत," ती म्हणाली. "दोन्ही भरून हायेत. तुझ्या टाकीतलं शेवाळाचं बी चोरलं, तुझ्या बरण्याइत वाढवलं, मंग हौदात टाकलं. आमच्यासाठी. खाणीच्या जुन्या बारूदखान्यात अकरा जण बसणार होतो आमी. आर्वीलेबी आज सकाळीच सांगतलं."

"उतरव घागर," मी म्हटलं. 

तिनं उतरवली नाही. मान ताठ करून उभी राहिली.

"आधी भाव."

सगळा पुरा माझ्याकडे पाहत होता. पंधरा वर्षांची पोरगी, तिची मान थरथरत होती, पण डोळे नाही. तुमसरच्या बाजारात मीच दाखवलं होतं कसं उभं राहायचं. खरं सांगते, त्या भोंग्यात, त्या भीतीतही मला तिचा अभिमान वाटला.

"बोल," मी म्हटलं.

"अकरा. सगळे. माझ्या म्हाताऱ्या आज्यासकट."

"अन् नाई म्हटलं तं?"

तिनं घागर सावरली. "तरी देतो व आजी. आर्वी आत बसणार हाये ना. पण तू नाई म्हणू नको."

भाव कसा सोडू नये ते मी शिकवलं होतं. हे मी शिकवलं नव्हतं.

"एक्केचाळीस," मी पुऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं आणि यादी फाडली. "ज्याले दाटी वाटते त्यानं आत्ताच बोलाव."

मग पाच तास सगळ्या गावानं आयुष्यात पाहिली नसेल अशी रांग लागली. चाळीपासून भुयारापर्यंत बाया, पुरुष, पोरं, हांडे, घागरी, दुधाचे कॅन. टाक्यांचं निवळ पाणी सोडून द्यायचं आणि हौदातलं हिरवं ओतायचं. मंगलू हौदाशी उभा राहून भरून देई, माझा हिरामण टाकीवर चढून ओती. चाळीतला माणूस आणि आमचा माणूस एका घागरीला हात लावतायत, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पावणेतीनला शेवटचा हांडा रिकामा झाला. तीनला दुसरा भोंगा झाला आणि दार लागलं.

आतमध्ये भिंतीवर हवेचा दिवा होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे देवाचं नाव घ्या. तो पहिल्या तासातच पिवळा झाला. टाक्या तिसांच्या, श्वास एक्केचाळीस.

आर्वी म्हणाली, "सगळे पडून राहा. जो बोलते त्याले जास्त हवा लागते." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एकोणपन्नास तास तोंड उघडलं नाही. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यांत मोठं पुण्य.

शेवाळ तळाशी बसू नये म्हणून दोघी पाळीपाळीनं वेळूच्या काठीनं टाक्या ढवळत. एक ढवळी, दुसरी भिंतीला टेकून झोपे. कधी दोघी एकाच शालीत, पाठीला पाठ लावून बसत आणि हळू काहीतरी बोलत. मी कान देऊन ऐकलं. मला वाटलं मरणाचं बोलत असतील. सुकवारा म्हणत होती, "इतिहासाची वही मी तुझी उतरवून घेतो, दहावीले लागन." दुसऱ्या दिवशी दिवा पिवळ्यातून नारिंगी झाला, माझं डोकं ठणकायला लागलं. सुकवारा उठली, सगळ्या बॅटऱ्यांचे दिवे पूर्ण मोठे केले आणि टाकी टाकी ढवळत फिरली. दुपारनंतर दिवा परत पिवळा झाला. तेव्हा मी डोळे मिटून सगळ्यांचे आभार मानले. तळ्याचे, शेवाळाचे, ज्याला मी जन्मभर शिव्या दिल्या त्याचे, आणि माझ्या सात बरण्यांचे.

तिसऱ्या दिवशी चार वाजता कुलूप आपोआप उघडलं. बाहेर ऊन होतं, साधं, रोजचं. कुठंच काही पडलं नव्हतं. वर बसलेल्यांपैकी कोणीतरी बटणावरचं बोट मागं घेतलं होतं. कोण, ते आम्हाला आजवर कळलं नाही. त्याचेही आभार, तो कुठलाही असो.

पटले मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. त्यांनी टाकीतलं पाणी नळीत घेऊन पाहिलं, परत पाहिलं. "एवढं दाट आमच्याकडेही होत नाही. याला खायला काय घातलंत?"

सुकवारा माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजीच्या घरचं मासोळी धुतलेलं पाणी."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. आता आमच्या जिल्ह्यात सगळ्या भुयारांत ते घालतात आणि टाकीमागं चार माणसं धरतात; आमच्यात एक जास्त, ते मॅडमनी चालवून घेतलं. याद्या नव्यानं केल्या. आमच्या यादीत चाळीची अकरा नावं सगळ्यांत वर आहेत, ती मी माझ्या हातानं लिहिली. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. दाराशी काचेचा आवाज झाला. सुकवारा उभी होती. चपला बाहेर काढलेल्या, केस विंचरलेले, हातातल्या टोपलीत माझ्या सात बरण्या, घासून लख्ख. उंबऱ्याच्या बाहेर थांबून खाली पाहत म्हणाली, "आजी, येऊ का?"

मी हातातला झारा खाली ठेवला आणि तिला सांगितलं:

"तुले वळण नाई, हे मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, अन् आजबी तेच सांगतो. एक्केचाळीस माणसाइले श्वास देल्ला तू, अन् माझ्या दारात परक्यावानी उभी राहून इचारते. आपल्या घरात कोणी इचारून येते काय? त्या बरण्या घेऊन जाय चाळीत. बादली वेलापाशी भरून ठेवली हाये, तेबी ने. पण आधी आत ये, अन् गंजावरचं झाकण काढ. सिंगाडे गरम हायेत."